बाभूळ, तरवड, हिरडा: शेळीची कातडी सालीवर कमावताना प्रमाण काय ठेवावं?

गटकाम_औसा

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात आमचा महिलांचा बचत गट आहे. पाकिटं, विळ्या-कोयत्यांची म्यानं आणि पोळ्याला लागणारे घुंगरमाळेचे पट्टे करायचं ठरलंय. चामडं क्रोमचं (क्रोमियमच्या रसायनावर कमावलेलं) नको, सालीवर कमावलेलंच पाहिजे, आणि जमेल तितकं आपल्याच शिवारातल्या झाडांवर. सुरुवातीला शेळीची १० कातडी, नंतर पट्ट्यांसाठी म्हशीचं एखादं. बांधावर बाभळी भरपूर आहेत, माळावर तरवड आहे. हिरडा विकत आणावा लागेल. पाणी बोअरचं, साबणाला फेस येत नाही असलं.

नमुना म्हणून एका ठिकाणाहून बाभळीचं चामडं मागवलं होतं. वरून रंग झकास लालसर तपकिरी, पण कापलं की मधोमध फिकट पांढुरकी रेघ दिसते. केसाकडची बाजू वर घेऊन वाकवलं की बारीक तडे जातात. हे सालीमुळे होतं की पद्धतीमुळे? साल किती, कशाचं मिश्रण, हिरडा लागतोच का, आणि या पाण्याचं काय करायचं, हे कुणी आकड्यांसकट सांगेल का? "आमच्या आजोबांच्या काळी" असली उत्तरं पुष्कळ मिळाली आहेत, तेवढी सोडून.

सालपाणी

रेघ आणि तडे दोन्ही पद्धतीचे दोष आहेत, बाभळीचा त्यात काही गुन्हा नाही. कातडं पहिल्याच दिवशी दाट काढ्यात टाकलं की बाहेरचे थर टॅनिन (सालीतला तुरट अंश, कातडं कमावतो तो) पटकन धरतात आणि आवळतात. मग आतल्या थरापर्यंत काढा पोचतच नाही. वरून कमावलेलं, आतून कच्चं. ती फिकट रेघ म्हणजे कच्चं कातडं. खात्री करायची असेल तर ब्लेडने चामड्याची उभी पातळ चकती कापून स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये काही तास ठेवा. कच्चा भाग फुगून चिकट, काचेसारखा पारदर्शक होतो, कमावलेला भाग आहे तसाच राहतो. उकळत्या पाण्याची परीक्षा मात्र इथे लावू नका. ती क्रोमच्या चामड्याची. सालीवरचं चांगलं चामडंही ८० अंशांच्या आसपास आकसतं.

आता साल. बाभळीच्या वाळलेल्या सालीत १२ ते २० टक्के टॅनिन असतं. झाड कोवळं असेल तर कमी, म्हणून मनगटाएवढ्या फांद्या सोलत बसू नका, जुन्या खोडाची साल घ्या. बाहेरचं काळं भेगाळलेलं बूच ठोकून काढून टाका, त्यात दम नसतो. आतली लालसर साल चावली की तोंड आवळतं, ती कामाची. सावलीत वाळवा. पावसाळ्यात साल झटकन सुटते पण वाळत नाही, बुरशी धरते, आणि बुरशी आधी टॅनिनच खाते. पाऊस उघडल्यावर काढलेली बरी. नखाएवढे तुकडे करा. गिरणीतून पीठ करून आणलं तर तळाला चिखल बसतो आणि पाणी त्यातून जात नाही.

एक सावधगिरी: वेडी बाभूळ म्हणजे बाभूळ नव्हे. ओढ्याकाठी माजलेली ती काटेरी झुडपं सालीसाठी जवळपास निरुपयोगी आहेत. सुबाभूळही तशीच. बांधावर हिवर असेल तर त्याची साल मात्र चालते, पूर्वीही वापरत.

निव्वळ बाभळीवरचं चामडं घट्ट, जड आणि गडद होतं. चपलेच्या तळव्याला उत्तम, पाकिटाला नाही. बाभळीच्या शेंगा जास्त मवाळ आणि फिकट काम करतात. उन्हाळ्यात पिकून पडतात तेव्हा शेळ्यांच्या आधी गोळा करा. बिया काढून फक्त टरफल घ्या, टॅनिन त्यातच असतं. पण शेंगांत साखर भरपूर, काढा दोन दिवसांत आंबतो. थोडा आंबटपणा उपयोगीच पडतो, फार झाला तर कातडं फुगतं.

हिरडा लागतोच का? शेळीसाठी माझं उत्तर हो. तो आपल्याकडे होत नाही, जुन्नर, आंबेगाव, अकोले या सह्याद्रीच्या पट्ट्यातून येतो. काष्ठौषधीच्या दुकानात बाळहिरडा गळ्यात मारतील. तो औषधाचा, महाग, आणि इथे चुकीचा. पूर्ण पिकलेला मोठा सुरवारी हिरडा मागा, कूट करताना आठळी काढून टाका. गरात ३० टक्क्यांच्या वर टॅनिन असतं. एकटा वापरला तर चामडं भुसभुशीत होतं आणि वर पिवळट पांढरी भुकटी बसते. पण बाभळीच्या किंवा तरवडाच्या मागून दिला तर रंग उजळतो आणि तो उन्हात लालभडक होत नाही.

प्रमाणाचा हिशोब असा. चुन्यातून काढून, मास खरवडून, निथळलेली १० कातडी साधारण १२ किलो धरू. किलोला २०० ग्रॅम टॅनिन लागतं, म्हणजे २.४ किलो. सालीतलं सगळं काही पाण्यात उतरत नाही, ७० टक्के उतरलं तरी खूप. बाभळीची साल १२ किलो घेतली (१३ टक्के धरून) तर सुमारे १.१ किलो टॅनिन मिळेल. तरवडाची ६ किलो (१७ टक्के) ०.७ किलो देईल, आणि हिरड्याचा गर ३ किलो (३२ टक्के) जवळजवळ तेवढंच. बेरीज २.४ च्या थोडी वर जाते. साल जुनी किंवा भिजलेली असेल तर दीडपट घ्या. कातड्यांचं वजन प्रत्यक्ष करा आणि त्यावर हे आकडे लावा, "१० कातडी" हे काही माप नव्हे.

बालाघाट_तरवड

वरच्या हिशोबाशी भांडण नाही, पण शेळीसाठी तरवड निम्म्यावर का ठेवला? शेळीच्या पातळ कातड्याला तरवडासारखी साल नाही. झटकन आत शिरते, चामडं लवचिक आणि फिकट राहतं. तामिळनाडूतला शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्यांचा जुना सगळा धंदा याच झुडपावर उभा होता, तिकडे आवारम म्हणतात. पुढे आफ्रिकेतली वॅटल साल आली आणि तरवड मागे पडला. आपल्या माळावर फुकट उभा आहे, तर १० किलो तरवड, ६ किलो बाभूळ असं उलट करून बघा.

दोष एकच, तो लपवत नाही. निव्वळ तरवडाचं चामडं उजेडात ठेवलं की काही दिवसांत लालसर विटकरी होतं. त्यावर उपाय शेवटचा हिरडा, तो वर सांगितलाच आहे.

तोडायची पद्धत महत्त्वाची. झुडूप मुळासकट उपटू नका. जमिनीपासून वीतभर ठेवून अंगठ्याएवढ्या फांद्या कापा, पुढच्या पावसात तो पुन्हा फुटतो. कापलेल्या फांद्या त्याच दिवशी सोला. लाकडी मोगरीने हलकं ठेचलं की साल सालपटासारखी सुटते. दुसऱ्या दिवशी तीच फांदी सोलायला गेलात तर नखं जातील. पानं आणि फुलं काढ्यात टाकायची गरज नाही.

माळ वनखात्याचा असेल तर आधी विचारा. ऐनाच्या सालीवरही कातडं कमावतात, पण ऐन आणि हिरडा ही दोन्ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, तेव्हा कुणी "किनवटकडून ऐनाची साल आणून देतो" म्हणालं तर कागद बघितल्याशिवाय घेऊ नका. बांधावरची बाभूळ सोलतानाही उभ्या झाडाचं खोड गोल सोलू नका, झाड मरतं. जळणासाठी पडणाऱ्या झाडाची साल घ्या. लाकूडवाले ती तशीही फेकतात.

सालपाणी

पाकिटांसाठी तुमचं प्रमाण मान्य. म्यान आणि पट्टे घट्ट हवेत, म्हणून मी बाभूळ वर ठेवली. दोन वेगळे घाणे करता आले तर सगळ्यात बरं.

कठीणपाणी

सगळे सालीवर बोलत आहेत, पण मराठवाड्यात खरा घोटाळा पाण्याचा आहे. साबणाला फेस येत नाही म्हणजे पाण्यात चुनखडी विरघळलेली आहे. ती टॅनिनला धरते. काढा गढूळ आणि काळपट होतो, टॅनिनचा एक वाटा कातड्यात जाण्याऐवजी गाळ होऊन तळाला बसतो, आणि कातड्यावर डाग पडतात ते वेगळेच. सालीचे पैसे पाण्यात जातात ते असे.

सगळ्यात सोपं म्हणजे पावसाचं पाणी. पत्र्यावरचं धरणार असाल तर गंजलेल्या पत्र्याचं नको. कारण दुसरा शत्रू लोखंड. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की शाईसारखा निळा-काळा डाग पडतो. बोअरच्या पाण्यात लोखंड आहे का हे बघायला एका पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन चिमूटभर हिरड्याची पूड टाका. पिवळसर राहिलं तर ठीक, निळसर-करडं झालं तर ते पाणी काढ्याला घेऊ नका. चुन्याच्या आणि धुण्याच्या कामाला चालेल.

पावसाचं पाणी नसेल तर बोअरच्या पाण्यात काढा करायच्या दोन दिवस आधी हिरड्याचा चोथा किंवा मागच्या घाण्याचा वापरलेला आंबट काढा घालून ठेवा. आंबटपणाने चुनखडीचा बराच जोर मोडतो. वरचं नितळ पाणी घ्या, तळाचा गाळ टाका. उकळून कठीणपणा थोडा कमी होतो, पण एवढं पाणी उकळायला जळण कुठून आणणार?

भांडी: प्लास्टिकचे निळे ड्रम सगळ्यात बरे. आत आधी कीटकनाशक नव्हतं ना, हे बघून घ्या. मातीचा रांजण उत्तम. लोखंडी पिंप, घमेलं, बादलीची कडी, खिळे, तारा यांतलं काहीही ओल्या कातड्याजवळ नको. सिमेंटचा नवा हौद सुरुवातीला चुना सोडतो, त्यात एकदोनदा जुना काढा भरून ठेवून तो ओतून टाकल्याशिवाय वापरू नका. डाग पडलाच तर लगेच लिंबू चोळा, ताजा असेपर्यंत निघतो.

गटकाम_औसा

खूप उपयोगी. तरवड जास्त घेऊन पाकिटांचा घाणा आधी करू. पण त्याआधीचं काय? चुना किती, किती दिवस, आणि चुना पूर्ण निघाला हे कळतं कसं? कातडी मिठात घातलेली मिळणार आहेत.

रापीधार

तुमच्या नमुन्याला तडे का गेले याचं उरलेलं अर्धं उत्तर चुन्यातच आहे. कातड्यात चुना राहून गेला आणि वरून टॅनिन आलं की केसाकडचा थर काळपट आणि ठिसूळ होतो. सालीवर खापर फुटतं, चूक मात्र त्याच्या आधीची असते.

क्रमाने सांगतो. मिठातलं कातडं आधी झटका, मग भरपूर पाण्यात भिजवा. थंडीत एक दिवस आणि रात्र. उन्हाळ्यात १० ते १२ तासांवर नको आणि मधे दोनदा पाणी बदला. नाहीतर चुन्याआधीच केस सैल होतात, म्हणजे कातडं सडायला लागलेलं असतं. हे काम दिवाळी ते होळी या काळात करा. मे महिन्यात ४० च्या वर पारा असताना शिकणाऱ्याने हात घालू नये. भिजवणाचं खारट पाणी विहिरीजवळ किंवा शेतात सोडू नका.

भिजलेल्या कातड्याच्या वजनाच्या १० टक्के चुना. १५ किलो भिजलेल्या कातड्यांना दीड किलो चुना आणि ४५ ते ५० लिटर पाणी. चुनकळी विरवताना पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका, उसळून डोळ्यात जातो. हातमोजे आणि चष्मा हवाच. विरवलेला चुना एक दिवस मुरू द्या, गाळा, गार झाल्यावरच कातडी घाला. चुना तळाला बसतो, म्हणून रोज दोनदा कातडी वर काढायची, लाकडी काठीने ढवळायचं, पुन्हा घालायची. वर तरंगणारा कोपरा हवेत राहिला तर तेवढाच भाग सुकून कडक होतो. शेळीला थंडीत ५ ते ७ दिवस, म्हशीला दुप्पट. दिवस मोजण्यापेक्षा केस बघा. मानेवरचे केस बोटाने ओढले आणि मुळासकट अलगद निघाले तर झालं. मान शेवटी तयार होते, पोट आधी. मानेची वाट बघत फार दिवस ठेवलं तर पोटाकडचं कातडं पोकळ पडतं, पुढे कितीही साल दिली तरी ते भरत नाही.

केस काढायला बोथट धार, मास काढायला रापी. गोल लाकडी ओंडक्यावर कातडं पसरून वरून खाली ओढायचं. केस काढल्यावरही मुळांची काळी घाण छिद्रांत राहते, ती बोथट धारेने दाबून बाहेर काढा. ती तशीच राहिली तर फिकट तरवडाच्या चामड्यावर मिऱ्यासारखे ठिपके कायमचे दिसतात.

आता चुना काढणं. आधी साध्या पाण्याने तीन वेळा धुवा. मग गव्हाचा किंवा ज्वारीचा कोंडा एक किलो, ४० लिटर कोमट पाण्यात आदल्या रात्री भिजवून आंबवा. दह्याच्या निवळीइतका आंबट वास आला की कातडी घाला. थंडीत १२ ते १८ तास. कातडी बुडबुडे धरून वर येतात, खाली दाबत राहा. बोटाने दाबल्यावर ठसा उमटून राहिला आणि रबरासारखी फुगलेली कातडी पडून मऊ झाली तर ठीक. जास्त वेळ ठेवलं तर केसाकडची बाजू सुईने टोचल्यासारखी होते. उन्हाळ्यात हे चार-पाच तासांतही होऊ शकतं.

परीक्षा हळदीची. चमचाभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये कालवून नितळ पिवळं पाणी घ्या. मानेच्या जाड भागातून बोटभर पट्टी कापा आणि कापलेल्या ताज्या कडेवर एक थेंब सोडा. कड पूर्ण पिवळी राहिली तर चुना निघाला. मधोमध लालसर रेघ उमटली तर आत अजून चुना आहे, पुन्हा कोंड्यात. पट्टीवरच करा, कातड्यावर नको, हळदीचा डाग जात नाही. तुमच्या त्या नमुन्याची ज्यांनी ही परीक्षा केली असती त्यांना मधली रेघ कमावण्याआधीच दिसली असती.

सालपाणी

हळदीची युक्ती नोंदवून ठेवण्यासारखी. मी काढ्याचं सांगतो.

साल उकळू नका. उकळलेल्या बाभळीचा काढा लालभडक दिसतो, लोक खूश होतात, पण तो लाल गाळ पाण्यात न विरघळणारा असतो, कातड्याच्या कामाचा नसतो. कोमट पाणी पुरे, हात सहन करेल इतकंच. तीन ड्रम लावा. पहिल्यात ताजी साल, दुसऱ्यात एकदा भिजलेली, तिसऱ्यात दोनदा भिजलेली. नवं पाणी नेहमी तिसऱ्यात ओतायचं, तिथून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, प्रत्येक ठिकाणी एक दिवस. पहिल्यातून निघतो तो दाट काढा, तिसऱ्यातून निघतो तो पातळ. उलट केलं तर अर्धं टॅनिन चोथ्यात राहतं.

दाटपणा मोजायला वेगळं यंत्र नको. एक लिटरची बाटली साध्या पाण्याने काठोकाठ भरून वजन करा, मग तीच बाटली काढ्याने भरून. जितके ग्रॅम जास्त, तितके अंश. दुधाच्या संकलन केंद्रावरचा लॅक्टोमीटर, ज्यावर १५ ते ४० असे आकडे असतात, तोही हीच मोजपट्टी वापरतो. फक्त ३० अंश तापमानाच्या काढ्यात तो खऱ्यापेक्षा ३-४ ने कमी दाखवतो, आणि १५ च्या खालचं त्यावर वाचता येत नाही.

१२ किलो कातडीला ५० लिटर काढा. पहिला दिवस ६ ते ८ अंश, त्याहून दाट नाही. फक्त तरवडाचा, आणि जुना वापरलेला मिळाला तर अधिक चांगला. पहिले चार-पाच तास कातडी सतत हलवत राहा, घडी तशीच पडून राहिली तर घडीच्या रेषा कायमच्या उमटतात. पुढे दिवसातून तीन-चारदा. दोन दिवसांनी १२, आणखी तीन-चार दिवसांनी १८, मग २५. रंग दोन्ही बाजूंनी आत सरकताना कडेला कापून दिसतो. मधली पांढरी रेघ पूर्ण मिटल्याशिवाय पुढचा दाट काढा देऊ नका, असं नाही. पण रेघ तीन दिवस जागची हलली नाही तर दाटपणा वाढवूनही हलणार नाही, पातळ काढ्यात परत जा. मधल्या टप्प्यात बाभूळ घाला, रेघ मिटल्यावर शेवटचे तीन-चार दिवस हिरडा. शेळीला सगळे मिळून १५ ते २० दिवस धरा.

काढ्यावर पांढरा तवंग येतो, तो ढवळून मोडा. कातडं हाताला बुळबुळीत लागलं तर मात्र काढा फेका.

करंजतेल

कमावून झाल्यावरची चूक सगळ्यात महाग पडते, कारण तोवर महिना गेलेला असतो. काढ्यातून काढलेलं चामडं थेट उन्हात किंवा वाऱ्यावर टाकलं तर पाणी वर येताना मोकळं टॅनिन सोबत घेऊन येतं. ते केसाकडच्या बाजूवर साचतं, ती बाजू काळपट आणि ठिसूळ होते. आधी साध्या पाण्यात एकदा विसळा, पाटावर बोथट फळीने दाबून पाणी काढा, आणि चामडं ओलसर असतानाच तेल लावा. पाणी जातं तसं तेल त्याची जागा घेत आत उतरतं. कोरड्यावर लावलेलं तेल नुसतं वर राहतं.

तेल कुठलं? ओल्या दाबलेल्या चामड्याच्या वजनाच्या ५ ते ६ टक्के करंज किंवा एरंडेल. एरंडेल घट्ट, म्हणून त्यात थोडं भुईमूगाचं मिसळा. करडई आणि जवस आपल्याकडे मुबलक म्हणून लोक लावतात, ते नको. ही तेलं हवेत सुकून कडक होतात. जवसाचं तेल रंगकामात वापरतात ते त्याच गुणासाठी. महिनाभर चामडं मऊ वाटतं, मग चिकटतं, मग वाळून तडकतं. करंजाचा वास काही दिवस राहतो, पण कीड लागत नाही. पाकिटांना वास नको असेल तर एरंडेल.

सावलीत, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला, चार-पाच दिवस सावकाश. अर्धवट ओलं असताना लाकडी बोथट धारेवर मांसाकडच्या बाजूने ओढून ओढून मऊ करा. पूर्ण वाळल्यावर ओढलं तर मऊ होण्याऐवजी केसाकडची बाजू फुटते.

काळे पट्टे हवे असतील तर हिरडा दिलेल्या चामड्यावर हिराकसाचं (लोखंडाच्या क्षाराचं) अगदी पातळ पाणी एकदा पुसा, लिटरला ५ ते १० ग्रॅम. लगेच काळं होतं. दोनदा-तीनदा पुसून "आणखी काळं" करायला जाऊ नका, जास्तीचं लोखंड चामडं आतून कुजवतं. नंतर साध्या पाण्याने पुसून पुन्हा तेल.

गटकाम_औसा

म्हशीचं कातडं पिशवीसारखं शिवून, टांगून, आत साल भरतात असं ऐकलंय. पट्ट्यांसाठी तसं करावं का? आणि एकाने हलगीसाठीही आमच्याकडूनच चामडं मागितलंय.

रापीधार

हलगीला कमावलेलं चामडं चालत नाही. तिला कच्चं, चुन्यातून काढून केस-मास साफ केलेलं शेळीचं कातडं ताणून वाळवतात. टॅनिन आत गेलं की ते मऊ पडतं आणि आवाज मरतो. त्यांना कमावण्याआधीच्या टप्प्यावरचं एक कातडं द्या, चुना मात्र नीट काढून.

पिशवीची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मोटेचं जाड चामडं असंच व्हायचं. कातडं आधी आठ-दहा दिवस हौदात हलकं कमावून घेतात, मग कडा अंबाडीच्या दोरीने शिवून, मानेकडे तोंड ठेवून तिकाटण्यावर टांगतात. आत सालीचे तुकडे आणि काढा. खालून झिरपलेला काढा भांड्यात धरून दिवसातून अनेकदा परत वरून ओततात. चार-पाच दिवसांनी पिशवी उलटी करून खालचं तोंड वर घेतात, नाहीतर वरचा भाग कच्चा राहतो. वेळ हौदापेक्षा कमी लागतो, कारण वजनाच्या दाबाने काढा कातड्यातून आरपार जातो. पण कातडं खालच्या बाजूला ताणून लांबतं, जाडी असमान होते आणि शिवणीच्या कडा वाया जातात. पट्ट्याला एकसारखी जाडी हवी असते. तुम्ही म्हशीचं कातडं पाठीच्या कण्यावर उभं दोन भागांत कापून हौदातच करा, दीड-दोन महिने लागले तरी.

कातडं घेताना म्हशीचं परवाना असलेल्या कत्तलखान्यातून पावतीसकट घ्या. राज्यात २०१५ पासून गाय, बैल, वळू तिन्हींच्या कत्तलीवर बंदी आहे, तेव्हा पावती नसलेलं मोठं कातडं दारात येऊच देऊ नका. आणि कुणी अचानक मेलेल्या जनावराचं फुकट देतो म्हणालं, नाकातोंडातून काळं न गोठणारं रक्त आलं होतं असं कळलं, तर हातही लावू नका. तो फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो, माणसाला होतो, आणि त्याचे जंतू चुन्याने मरतीलच असं नाही. जनावरांच्या डॉक्टरांना कळवा.

शेळीची निवडताना उजेडाकडे धरून बघा. बाभळीत-बोरीत चरणाऱ्या शेळ्यांच्या कातड्यावर काट्यांचे ओरखडे असतात, ते केस असताना दिसत नाहीत आणि कमावल्यावर पांढऱ्या रेघा होऊन उठतात. तसली म्यानांना लावा.

सालपाणी

एक राहिलं. शेवटचा काढा ओतून देऊ नका. गाळून झाकण असलेल्या ड्रममध्ये ठेवा, दुसऱ्या घाण्याच्या पहिल्या दिवसाला तोच ६-८ अंशांवर आणून वापरायचा. ताज्या सालीच्या पातळ काढ्यापेक्षा तो मवाळ असतो, म्हणून पहिल्या घाण्यापेक्षा दुसऱ्याचं चामडं बहुधा चांगलं निघतं. चोथा वाळवून चुलीला.